पिंपळपान कशात उघडतं

शहरात, उस्मानपुऱ्यात कमलमावशीकडे राहायला आले तेव्हा माझी पहिली ओळख झाली ती मशीनच्या आवाजाशी. इतरांच्या घरी जिथं सोफा आणि टीव्ही असतो, त्या पुढच्या खोलीत मावशीचं एम्ब्रॉयडरीचं मशीन होतं. सुरतेहून आलेलं, सेकंडहँड. पण मावशी ते इतक्या मायेनं पुसायची की कालच आणल्यासारखं दिसायचं. सकाळी काका वाळूजच्या कंपनीत पहिल्या पाळीला गेले की ती मशीन चालू करून द्यायची आणि आत येऊन भाकरी थापायला बसायची. बाहेर सुया धडधडत राहायच्या, आत परातीत हाताची थाप पडायची, आणि थोड्या वेळानं दोन्ही आवाज एकाच लयीत चालल्यासारखे वाटायचे. मधेच बाहेरचा आवाज पोकळ व्हायचा. भाकरीवर पाणी फिरवता फिरवता मावशी म्हणायची, "मित्रा, बघ गं, निळा तुटला." मी जाऊन बघायची, तर खरंच निळाच दोरा तुटलेला असायचा. हे तिला कसं कळायचं, ते मला आजही सांगता येणार नाही. तिलाही सांगता यायचं नाही. "कळतंय की," एवढंच म्हणायची.

माझं पूर्ण नाव संघमित्रा. घरात सगळे मित्रा म्हणतात. आमचं गाव गंगापूरजवळचं. वडील गंगापूर ते शहर अशी काळीपिवळी जीप चालवायचे. शनिवारी शेवटच्या सीटखाली कोंबलेली एक पिशवी मावशीच्या दारात उतरवून, चहा न घेताच परत फिरायचे, कारण मागं सीटा भरलेल्या असायच्या. पिशवीत आईनं दिलेला ठेचा, येसराचा मसाला, ज्वारी, हंगामात हुरडा. कमलमावशी आईची थोरली बहीण. धाकट्या भावंडांना सांभाळायचं म्हणून तिची शाळा सातवीतच सुटली होती, आणि त्यामुळंच माझी आई शिकली. ही गोष्ट मावशीनं कधी बोलून दाखवली नाही. मला ती आईनं सांगितली. मावशीची मुलगी लग्न होऊन नांदेडला गेली होती. तिची खोली, तिची खाट, तिचा आरसा मला मिळाला. पॉलिटेक्निकला कॉम्प्युटरचा डिप्लोमा करायचा, मावशीकडे राहायचं, असं ठरलं होतं. मावशीची अट एकच: मशीनला हात लावायचा नाही. "कामाला हात लागला की मग सुटत नसतंय ते. तू आभ्यास कर." गिऱ्हाईक आलं आणि माझ्याकडे बघू लागलं की ती सांगायची, "बहिणीची पोर हाय. शिकायला ठेवलीय."

चाळिशी उलटली म्हणून कुणी आठवणी लिहायला बसतं का, असं माझी मुलगी विचारते. बसतं, असं मी तिला सांगते. मावशीच्या हातची येसराची आमटी, वर चुरलेली भाकरी आणि शेजारी कच्चा कांदा, हे सगळं मला अजून जिभेवर आठवतंय तोवर लिहून ठेवलेलं बरं.

मशीनशेजारी टेबलावर एक कॉम्प्युटर होता. बंद पडलेल्या एका सायबर कॅफेतून काकांनी आणलेला. त्याचं काम थोडकंच. नक्षी तयार करणारा एक माणूस शहरात होता. मावशी कागदावर पेन्सिलीनं नक्षी काढायची, तो तिची फाईल बनवून द्यायचा. ती फाईल कॉम्प्युटरवर बघायची, पेनड्राइव्हवर घ्यायची आणि पेनड्राइव्ह मशीनला लावायचा. मोर, वेली, शाळेचे बिल्ले, ब्लाउजच्या बाह्या, सगळं याच वाटेनं जायचं. पण त्या काळी पेनड्राइव्हवरून व्हायरस असे फिरायचे जसे पावसाळ्यात डास. एक दिवस कॉम्प्युटर उघडला तर प्रत्येक फोल्डरच्या जागी खोटं फोल्डर बसलेलं, आणि त्यावर क्लिक केलं की सगळंच ठप्प. दुरुस्तीवाला दोनदा येऊन गेला, दोनदा पुन्हा तेच झालं.

मी हे आमच्या लॅबच्या शेख सरांना सांगितलं. सर मूळचे सिल्लोडचे, बोलताना मराठी, हिंदी, दखनी सगळं एकाच वाक्यात. त्यांनी खणातून एक सीडी काढून दिली. "लिनक्स टाक बेटा. ये व्हायरस उसपे नाचताच नाही." मावशीला विचारलं. ती म्हणाली, "तसाही बंदच हाय. कर काय करायचं ते." मग रविवारी दुपारी, काका मटणाला फोडणी देत असताना, मी ते टाकलं. रस्सा उकळून खाली उतरेपर्यंत कॉम्प्युटर नव्या रंगात उजळला होता. व्हायरस गेला, वेग आला. मावशी हात पुसत आली आणि तिनं नेहमीसारखं मोराच्या फाईलवर दोनदा टिचकी मारली.

पडद्यावर मोर आला नाही. पांढऱ्या पानावर अर्धवट अक्षरं, चौकोन आणि कसलीतरी चिन्हं पसरली.

"ह्या काय मुंग्या सोडल्यास गं?" मावशी म्हणाली.

मी दुसरी फाईल उघडली. पुन्हा मुंग्या. कॉम्प्युटरला ती फाईल कसली आहे हेच कळत नव्हतं, म्हणून तो ती बिचारी लिखाणाच्या प्रोग्राममध्ये उघडून दाखवत होता. मावशी रागावली नाही. "बघ काय होतंय का," म्हणाली आणि ताटं घ्यायला गेली. त्या दिवशी मटण कसं झालं होतं, तेवढं मात्र मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला समोर बसवून सगळं समजावलं. आपण फाईलवर टिचकी मारतो तेव्हा कॉम्प्युटर दोन प्रश्न सोडवतो. पहिला, ही फाईल कोणत्या प्रकारची? दुसरा, या प्रकारची फाईल कोणता प्रोग्राम उघडतो? पहिल्याचं उत्तर तो बहुतेक वेळा नावाच्या शेपटावरून देतो. नावाच्या शेवटी अमुक अक्षरं असली तर चित्र, तमुक असली तर गाणं. दुसऱ्याचं उत्तर साध्या मजकुराच्या छोट्या फायलींत लिहिलेलं असतं, आणि त्या आपल्याला वाचता येतात, बदलता येतात, नव्या लिहिताही येतात. "तेरी मौसी की फाईल का प्रकार त्याच्या यादीतच नाय," सर म्हणाले. "नसू दे. तू लिही. इथं कुणाची परवानगी लागत नाही."

हे शेवटचं वाक्य माझ्या मनात घर करून बसलं. तोवर कॉम्प्युटर म्हणजे दुसऱ्यानं बनवलेली, आपण फक्त वापरायची वस्तू, असंच मला वाटत आलं होतं. मग पुढचे कितीतरी दिवस कॉलेज सुटलं की मी लॅबमध्ये थांबायची. नक्षीच्या फाईलची बांधणी सरांनी इंटरनेटवर शोधून दिली. एकेक टाका तीन बाइटांत लिहिलेला: सुई किती उजवीकडं, किती वर, किती खाली. ते वाचून पडद्यावर रेघा ओढणारा एक लहानसा प्रोग्राम मी लिहिला. मग नव्या प्रकाराला नाव दिलं, त्या नावापुढं शेपटाची अक्षरं लिहिली, आणि दुसऱ्या फाईलीत लिहिलं की हा प्रकार आला की माझा प्रोग्राम बोलवायचा. शेवटी सरांच्या मदतीनं एवढंही जमवलं की फोल्डर उघडलं की प्रत्येक फाईलच्या जागी तिचंच बारीक चित्र दिसावं.

मावशीनं फोल्डर उघडलं आणि ती खुर्चीत मागं रेलली. सगळ्या नक्ष्या एका नजरेत समोर होत्या.

"मोर तांबडा कसा काय?"

"मावशी, फाईलीत रंग नसतोच. रंग कधी बदलायचा एवढंच असतं. मग मीच दिले."

"व्हय, पण मोर तांबडा?" म्हणाली, आणि बराच वेळ हसत राहिली. मी तेव्हाच मोर निळा करून दिला.

एक गोष्ट मात्र मी तिच्याकडून करवून घेऊ शकले नाही. व्हायरसचा धसका घेतल्यापासून ती नक्षी कॉम्प्युटरमध्ये ठेवायला तयार नव्हती. सगळं पेनड्राइव्हवर, आणि पेनड्राइव्ह पदराच्या टोकाला गाठ मारून. एक नक्कल इथंही ठेवू, असं मी अनेकदा म्हटलं. "भांडी घरात ठेवत्यात, दागिना अंगावर," हे तिचं उत्तर ठरलेलं.

त्याच वर्षी आमच्या समाजातल्या सामुदायिक लग्नाचं काम तिच्याकडं आलं. सगळ्या नवरीमुलींना एकसारख्या पांढऱ्या साड्या, आणि काठावर सोनेरी दोऱ्याचं पिंपळपान. एवढं मोठं आणि असं मानाचं काम तिला आजवर कुणी दिलं नव्हतं. पान तिनं स्वतः काढलं होतं. टोक जरासं डावीकडं वळलेलं, वाऱ्यात हलल्यासारखं. नक्षीवाल्यानं त्याची फाईल करून दिली आणि त्याच आठवड्यात तो दुकान आवरून सुरतेला गेला. मूळ कागदही त्याच्या सामानात गेला, आणि त्याचा फोन लागायचा बंद झाला.

लोडशेडिंगचे दिवस होते ते. मावशी पेनड्राइव्हवरच्या फायली नीट लावत असताना दुपारी लाइट गेली. परत आली तेव्हा पेनड्राइव्ह उघडेना. मावशी उठली. मशीनवर हात ठेवून उभी राहिली. मग आत जाऊन चहा टाकला आणि तो उतू गेला. हे मी त्या घरात पहिल्यांदाच बघितलं.

"सरांकडं नेते मी," मी म्हणाले. "देतेस का पेनड्राइव्ह?"

"देणार नाय. मी येते."

आणि ती आली. धुतलेली साडी नेसून, पदराची गाठ मुठीत धरून, माझ्यासोबत रिक्षात बसून. लॅबच्या दारात चपला काढायच्या असतात हे तिला सांगावं लागलं नाही. शेख सर उठून उभे राहिले. "जय भीम, ताई," म्हणाले. "सलाम, भाऊ," मावशी म्हणाली आणि खुर्चीच्या कडेवर बसली. सरांनी तिच्यासाठी चहा मागवला, आणि तिनं गाठ सोडून पेनड्राइव्ह त्यांच्या हातावर ठेवला.

सरांनी आधी पेनड्राइव्हचा जसाच्या तसा एक ठसा, म्हणजे अख्खी नक्कल, काढून ठेवला, मग तपासणी चालवली. फायली सापडल्या. पण नावं सगळी गेली होती. कुठं मोर, कुठं बिल्ला, काही कळत नव्हतं; सगळ्यांचं एकच कोरं नाव, पुढं फक्त आकडा, आणि शेपूटही भलतंच. मी माझी सगळी जोडणी लॅबच्या कॉम्प्युटरवर आणली, तरी फोल्डरभर नुसती पांढरी पानं दिसत होती. माझा प्रोग्राम तिथंच होता, पण त्याला बोलवायला कुणी ओळखच देत नव्हतं. मी ओळख बांधली होती ती शेपटावर, आणि शेपूटच उरलं नव्हतं.

मला रडू येईल असं वाटलं. सर म्हणाले, "एसटी स्टँडवर गाडी उभी आहे. पाटी कुणीतरी काढून नेली. मग गाडी कुठली, कसं ओळखशील?"

"आतल्या माणसाला विचारून."

"तो फिर पूछ ना."

त्यांनी एक फाईल कच्च्या रूपात उघडली आणि म्हणाले, पहिली अक्षरं वाच. एल, ए आणि दोन टिंबं. दुसरी उघडली. एल, ए, दोन टिंबं. तिसरीतही तेच. नक्षीची प्रत्येक फाईल याच अक्षरांनी सुरू होते. पुढं नक्षी करणाऱ्यानं दिलेलं लेबल असतं. नाव गेलं तरी पोटातला मजकूर गेला नव्हता. मी माझ्या फाईलीत आणखी एक नियम लिहिला: सुरुवातीला ही अक्षरं असतील तर ती नक्षी समजावी, नाव काहीही असो. यादी ताजी करायची आज्ञा दिली आणि फोल्डर पुन्हा उघडलं.

पांढऱ्या पानांच्या जागी एकेक चित्र उमटू लागलं. आधी वेल, मग बिल्ला, मग निळा मोर. मावशी खुर्चीवरून उठून पडद्याजवळ आली आणि बोटानं दाखवत बोलू लागली. ही पैठणगेटच्या बाईची बाही. हा शाळेचा बिल्ला. हे आमच्या पोरीच्या लग्नातलं. मग थांबून सरांना म्हणाली, "नाव नसलं तरी वळखतंय का आता?"

"हौ ताई. पोटातलं बघून."

"आडनाव न इचारता वळखतंय म्हणा की."

सर मोठ्यांदा हसले. मावशी हसली नाही, पण तिच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला मला दिसला.

पिंपळपान शेवटच्या ओळीत होतं. अर्धं. मधली शीर देठापासून टोकापर्यंत शाबूत, डावं अंग भरलेलं, आणि उजवीकडं काहीच नाही. लाइट गेली तेव्हा फाईलीचा तेवढाच भाग वाचला होता. मग मावशी हळूच म्हणाली, "मशीनमधी आरसा हाय की. डावं शिवायचं, मग तेच उलटं करून उजवं."

पण शेवट तुटलेली फाईल मशीन घेणार नव्हतं. तिला शेवटाची खूण लावावी लागणार होती आणि सुरुवातीचे आकडे दुरुस्त करावे लागणार होते. मी सरांकडं बघितलं. "ये तेरा काम है. मैं चाय पीके आता," म्हणून सर निघून गेले. आता मला कळतं की ते मुद्दाम गेले. ते शेजारी बसले असते तर मी प्रत्येक बाइटापाशी त्यांच्या तोंडाकडं बघितलं असतं. मावशी शेजारी बसली होती, पण ती माझ्याकडं भाकरीवर लक्ष ठेवावं तसं बघत होती, घाई न करता. सुरुवातीचं लेबलही मोडलं होतं. तिथं आधी त्या सुरतेला गेलेल्या नक्षीवाल्याचं नाव असायचं, सगळ्याच नक्ष्यांवर.

"इथं नाव लिहायचं आहे मावशी. कुणाचं लिहू?"

तिनं जरा विचार केला. "पान कुणी काढलंय?"

"तू."

"मग माझं लिव्ह."

मी इंग्रजीत कमल लिहिलं. तिनं ती पाच अक्षरं बोटानं मोजून बघितली.

घरी येऊन कापडाच्या तुकड्यावर पहिलं पान शिवलं. डावं झालं, आरसा लावून उजवं झालं, आणि टोक दोन्हीकडं वळून माशाच्या शेपटीसारखं दुभंगलं, कारण शीरही दोनदा आली होती, एकदा सरळ, एकदा उलटी. "हा तर मासा झाला," मावशी म्हणाली. मग मी कॉम्प्युटरवर बसून दुसरी फाईल केली: शिरेचे टाके गाळलेली, फक्त उजव्या अंगाची. ती कुठून सुरू करायची हे मला मांडता येईना. मावशीनं पडद्यावर बोट ठेवलं, मी तिथला आकडा वाचला, आणि दोघींनी मिळून सुई शिरेला टेकवली. या वेळी ती मला म्हणाली, "ती कड धर. ताणू नको, नुस्ती धर." मी मशीनला हात लावला होता, तोही तिच्याच सांगण्यावरून. त्यानंतर साड्या संपेपर्यंत कॉलेजातून आले की मी कड धरायची. काका तोवर रोजचा कुकरही लावायला शिकले.

शेख सर आता निवृत्त होऊन सिल्लोडला असतात. मी ज्या कामावर पोट भरते ते त्या लॅबमध्ये सुरू झालं, हे त्यांना मी दर ईदेला फोनवर सांगते, आणि ते दर वेळी विषय बदलून मौसी कैसी है म्हणून विचारतात. मौसी छान आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मशीन एका होतकरू मुलीला दिलं. लाइट गेली त्या दुपारनंतर तिच्या नक्षीची नक्कल कॉम्प्युटरवर ठेवायला तिनं मला कधी नाही म्हटलं नाही.

ते सामुदायिक लग्न शहराबाहेरच्या मोकळ्या मैदानावर झालं. मंडपात नवऱ्या ओळीनं बसल्या होत्या, सगळ्या पांढऱ्यात, आणि काठावरून सोनेरी पानं उन्हात चमकत होती. मावशीचं चेहऱ्यांकडं लक्षच नव्हतं. ती फक्त काठ बघत चालली होती. पंगतीला बसलो. वांग्याची भाजी, पुरी, वरणभात, बुंदी. तेवढ्यात एका नवरीची आई शोधत शोधत आमच्यापाशी आली आणि मावशीसमोर वाकून म्हणाली, "कमलताई, पान कुणी काढलं ओ? लई जिवंत दिसतंय."

मला वाटलं, आता नेहमीचं येणार: मी काढलं, आणि ही बहिणीची पोर, शिकायला ठेवलीय. मावशीनं तोंडातला घास संपवला.

"डावं अंग माझं," ती म्हणाली. "उजवं हिचं."

बाईनं माझ्याकडं बघितलं, मग शेजारून जाणाऱ्या एका नवरीला थांबवून तिचा काठ हातात घेतला आणि डोळ्यांजवळ नेला. पान पालथं केलं, उलथं केलं, उन्हाकडं धरलं.

"जोड कुठं दिसंना," ती म्हणाली.

"नाय दिसायचा," मावशी म्हणाली, आणि तिनं आपल्या ताटातली बुंदी माझ्या ताटात सारली.